युद्धांच्या स्मरणार्थ काढलेली सोन्याची नाणी : पारखावीत कशी, घ्यावीत कशी, जपावीत कशी

ब्रिटनच्या रॉयल मिंटने, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीने, १९९५ साली, दुसरे महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून, दोन पौंडांचे एक स्मृतिनाणे काढले. शांततेचे प्रतीक म्हणून जॉन मिल्स यांनी त्यावर कबुतराची आकृती घडवली. हे नाणे निकेलमिश्रित पितळेत निघाले, चांदीत निघाले आणि सोन्यातही निघाले. नवख्या संग्राहकाची पहिली फजिती होते ती इथेच, कारण पितळी नाण्याचा व्यास २८.४ मिलिमीटर आणि वजन १५.९८ ग्रॅम आहे, तर सोन्याच्या नाण्याचा व्यासही २८.४ मिलिमीटर आणि वजनही १५.९८ ग्रॅमच आहे. रंग दोन्हींचा पिवळा, चित्र एकच, काट्यावरचा आकडाही एकच. फरक आहे तो जाडीत. सोने पितळेच्या दुपटीहून जड असल्यामुळे तेवढ्याच वजनाचे सोन्याचे नाणे निम्म्याहून पातळ असते. दोन्ही शेजारी उभी धरली की एक भरदार दिसते आणि दुसरे अगदी सडपातळ, आणि महाग असते ते सडपातळच.

हे उदाहरण सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की युद्धाच्या वर्षदिनानिमित्त निघणाऱ्या नाण्यांची विक्री बहुतांशी कथेवर चालते. मित्रराष्ट्रांच्या फौजा जिथे उतरल्या तो फ्रान्समधील नॉर्मंडीचा किनारा, विजयाचा दिवस, परत न आलेले सैनिक हे विषयच असे आहेत की जाहिरात वाचता वाचता माणूस भारावतो आणि नाण्यात सोने किती आहे हे विचारायचेच राहून जाते. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी धातू, मग काढणारी संस्था, मग प्रत्यक्ष पाडलेल्या नगांची संख्या, आणि कथा सर्वांत शेवटी.

नाणे की पदक

पहिला प्रश्न असा की समोरची वस्तू नाणे आहे की नुसते पदक. नाण्यावर ते काढणाऱ्या देशाचे नाव किंवा त्या देशाच्या प्रमुखाची मुद्रा असते आणि दर्शनी मूल्य असते, मग ते पाच डॉलर असो की दोन पौंड. यांपैकी काहीच नसेल, तर ती वस्तू कितीही देखणी असली तरी पदकच आहे. पदक घेण्यात गैर काही नाही आणि काही पदके कलाकृती म्हणून नाण्यांहून सरस असतात, परंतु त्यांच्यामागे सरकारी कायद्याने ठरवलेले वजन आणि कस नसतो, शिवाय पुनर्विक्रीत त्यांना गिऱ्हाइकेही कमी मिळतात.

दुसरा प्रश्न सोन्याचा. जाहिरातीत ‘सोन्याचे’ आणि ‘सोनेरी’ यांच्यात जाणूनबुजून गल्लत केलेली असते. ‘चोवीस कॅरेट सोन्याचा मुलामा’ या शब्दांत चोवीस कॅरेट हे मुलाम्याचे वर्णन असते, नाण्याचे नव्हे. आणि मुलामा इतका पातळ असतो की त्यातील सोन्याची किंमत हिशेबात धरण्याजोगी नसते. ऑस्ट्रेलियाने २००५ साली महायुद्ध समाप्तीच्या साठाव्या वर्षानिमित्त एक डॉलरचे प्रसिद्ध ‘नाचणारा माणूस’ नाणे काढले. तेही पिवळेच दिसते, पण त्यात सोने नाही. ते तांबे आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. अमेरिकेने पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१८ साली जे स्मृतिनाणे काढले, तो चांदीचा डॉलर होता आणि त्या कार्यक्रमात सोन्याचे नाणे नव्हतेच. त्यामुळे त्याच डॉलरची ‘सोन्याची आवृत्ती’ कोणी दाखवू लागला, तर तो चांदीच्या नाण्यावर नंतर चढवलेला मुलामा आहे हे न तपासताही सांगता येते. असा मुलामा चढवल्याने संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत वाढत नाही, उलट घटते, कारण मूळ पृष्ठभाग कायमचा बिघडलेला असतो.

दर्शनी मूल्य असले तरी ते नाणे बाजारात चालेलच, असे मात्र नाही. याचे एक गमतीदार उदाहरण आहे. २०१५ साली वॉटर्लूच्या लढाईला दोनशे वर्षे झाली म्हणून बेल्जियम दोन युरोचे नाणे काढणार होता. दोन युरोचे नाणे सगळ्या युरो देशांत फिरते, आणि नेपोलियनचा पराभव आपल्या नागरिकांच्या खिशात पोहोचावा हे फ्रान्सला रुचले नाही. बेल्जियमने मग अडीच युरो असे वेगळ्याच मूल्याचे नाणे पाडले. अशा मूल्याच्या नाण्याला इतर देशांची संमती लागत नाही, मात्र ते फक्त बेल्जियममध्येच कायदेशीर ठरते. ते सोन्याचे नसले तरी धडा सोन्याच्या नाण्यांनाही लागू पडतो: स्मृतिनाण्याचे दर्शनी मूल्य ही बहुधा औपचारिक बाब असते, आणि सोन्याच्या नाण्यावर छापलेल्या पाच डॉलरचा त्याच्या खऱ्या किमतीशी काहीही संबंध नसतो.

नकला वेगळ्याच. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्यानुसार नाण्याच्या प्रतिकृतीवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवावाच लागतो. त्यामुळे आधी तो शब्द शोधावा, विशेषतः चित्राच्या खालच्या भागात आणि काठाजवळ. परंतु तो सापडला नाही म्हणजे नाणे अस्सल, असा अर्थ कोणी काढू नये, कारण लबाडी करणारा माणूस कायद्याचे एवढेच कलम पाळेल अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

सोने किती, हे आधी काढावे

कोणत्याही सोन्याच्या स्मृतिनाण्याबाबत तीन आकडे हाती हवेत: एकूण वजन, कस आणि व्यास. पहिल्या दोहोंच्या गुणाकारातून शुद्ध सोने किती ते निघते. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त काढलेले पाच डॉलरचे सोन्याचे नाणे घेऊ. त्याचे वजन ८.३५९ ग्रॅम, व्यास २१.६ मिलिमीटर आणि कस हजारात ९०० आहे. म्हणजे शुद्ध सोने ७.५२३ ग्रॅम, उरलेला भाग चांदी आणि तांबे. ब्रिटनचे दोन पौंडांचे सोन्याचे नाणे बावीस कॅरेटचे, म्हणजे हजारात ९१६.७ कसाचे असते, आणि त्यात शुद्ध सोने सुमारे १४.६४ ग्रॅम भरते. २००५ साली ट्रफाल्गरच्या, ब्रिटनने जिंकलेल्या आरमारी लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त निघालेल्या पाच पौंडांच्या नाण्याचीही सोन्याची आवृत्ती आहे. तिचे वजन ३९.९४ ग्रॅम, तर साध्या तांबे-निकेलच्या आवृत्तीचे २८.२८ ग्रॅम.

वजन औंसात दिलेले असेल तर तो ट्रॉय औंस असतो, ३१.१०३५ ग्रॅमचा, किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा औंस नव्हे. इथे आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेचे एक औंसाचे ‘गोल्ड ईगल’ नाणे काट्यावर ३३.९३ ग्रॅम भरते, कारण ते बावीस कॅरेटचे आहे आणि त्यात शुद्ध सोनेच एक औंस आहे. हीण वरून मिसळलेले आहे. तेव्हा वजन जास्त भरले म्हणून घाबरू नये आणि बरोबर ३१.१ ग्रॅम भरले म्हणून खूश होऊ नये. बावीस कॅरेटचे म्हणून विकले जाणारे एक औंसाचे ईगल ३१.१ ग्रॅमच भरत असेल, तर तेच संशयास्पद आहे.

शुद्ध सोन्याच्या ग्रॅमला त्या दिवसाच्या भावाने गुणले की धातूची किंमत निघते. विक्रेता जी किंमत सांगतो, तिच्यातून ही रक्कम वजा केली की उरते ती वरची रक्कम, म्हणजे प्रीमियम. हा प्रीमियम धातूच्या किमतीच्या किती टक्के आहे हे कागदावर लिहावे, तोंडी हिशेब करू नये. मी स्वतः ही सवय फार उशिरा लावून घेतली. पूर्वी एकदा अर्ध्या ग्रॅमचे एक इवलेसे नाणे, मखमली पेटी आणि छापील पुस्तिकेच्या मोहाने घेतले आणि नंतर हिशेब केला तेव्हा दिसले की मी सोन्याला जेवढे दिले त्याच्या कितीतरी पट पेटीला दिले होते. सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची, अर्ध्या ग्रॅमची ही नाणी दूरच्या छोट्या बेटदेशांच्या नावाने अनेक निघतात. ती अस्सल असतात आणि सोन्याचीही असतात, परंतु ग्रॅमला पडणारी किंमत पाहिली तर सोने घेण्याचा याहून महागडा मार्ग शोधून सापडणार नाही.

पाडायची परवानगी किती, प्रत्यक्षात पाडली किती

‘मर्यादित आवृत्ती’ हे शब्द या धंद्यात इतके वापरले जातात की त्यांना काही अर्थ उरलेला नाही. विचारायचे ते वेगळेच: कमाल मर्यादा किती होती आणि प्रत्यक्षात किती नगांची विक्री झाली. वर सांगितलेल्या अमेरिकी पाच डॉलरच्या नाण्याला कायद्याने तीन लाख नगांपर्यंत मुभा दिली होती. प्रत्यक्षात प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखी चकाकी देऊन पाडलेली) आणि साधी अशी दोन्ही प्रकारची नाणी मिळून एक लाखाच्याही आतच विकली गेली, आणि त्यांतही साधी, म्हणजे ‘अनसर्क्युलेटेड’, प्रूफपेक्षा बरीच कमी. चमकदार प्रूफ अधिक दुर्मिळ असणार हा आपला समज इथे साफ खोटा ठरतो.

याच नाण्याची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्यावर १९९१–१९९५ असे साल आहे, प्रत्यक्षात मात्र ते १९९३ साली विक्रीला आले. अमेरिकेच्या महायुद्धातील सहभागाच्या वर्षांना पन्नास मिळवून ते साल घातले होते. त्यामुळे नाण्यावरचे साल म्हणजे पाडल्याचे साल, हा हिशेब स्मृतिनाण्यांत नेहमीच लागू पडत नाही. त्या नाण्याच्या एका बाजूला हात उंचावलेला, रायफल घेतलेला सैनिक आहे आणि दुसऱ्या बाजूला विजयाचे व्ही हे अक्षर, त्याच्याबरोबर त्याच अक्षराचे मोर्स संकेतातील रूप: तीन टिंबे आणि एक रेघ. प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे ३५ डॉलर जास्तीचे आकारले जात होते आणि ते पैसे युद्धस्मारकांच्या कामी जायचे होते. असा अधिभार मूळ किमतीत मिसळलेला असतो, आणि नाणे पुन्हा विकताना तो कोणी परत देत नाही. देणगी म्हणून तो द्यायला हरकत नाही, पण गुंतवणूक म्हणून त्याची गणना करू नये.

खरोखर तुटवडा कसा असतो हे २०२० साली दिसले. महायुद्ध समाप्तीच्या पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त अमेरिकेच्या टांकसाळीने नेहमीच्याच प्रूफ गोल्ड ईगलवर ‘व्ही७५’ ही एक छोटी खूण उमटवली आणि नग ठेवले फक्त १,९४५. त्याच निमित्ताने अर्ध्या औंसाचे, चोवीस कॅरेटचे एक वेगळे नाणेही आले, त्याची मर्यादा ७,५०० होती. एक हजार नऊशे पंचेचाळीस हा आकडा युद्ध संपल्याच्या सालावरून घेतला हे उघड आहे आणि त्यात विक्रीची क्लृप्तीही आहे, परंतु मर्यादा खरोखरच घट्ट असली की क्लृप्तीही खरी ठरते. हे नाणे हातोहात संपले. घेणाऱ्याने इथे एक धोका ओळखायला हवा. खुणेचे नाणे आणि बिनखुणेचे नाणे यांत फरक त्या चिमुकल्या खुणेचाच, आणि किमतीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर. अशा वेळी साध्या नाण्यावर नंतर खूण उमटवण्याचा मोह एखाद्याला होणारच, म्हणून सुट्या अवस्थेत मिळणारे असे नाणे, स्वतंत्र तपासणी झालेली नसेल तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूही पाहावी. २०१४ साली पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त ब्रिटनने सैन्यभरतीच्या जाहिरातीतील लॉर्ड किचनर या तत्कालीन युद्धमंत्र्यांचा चेहरा असलेले दोन पौंडांचे नाणे काढले. चलनात आलेली त्याची साधी नाणी सत्तावन्न लाखांच्या आसपास आहेत, आणि तरीही ‘अत्यंत दुर्मिळ’ म्हणून ती अवाच्या सवा किमतीला मांडलेली दिसतात. त्याच चित्राचे सोन्याचे प्रूफ खरोखर थोडे आहे. चित्र एक, नाणी दोन; भाव विचारताना कोणत्या धातूबद्दल बोलणे चालले आहे हे प्रत्येक वाक्यात स्पष्ट असावे.

हातात आल्यावर तपासणी

यासाठी फार सामग्री लागत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, व्यास आणि जाडी मोजणारा, मिलिमीटरचा दहावा भाग तरी नीट दाखवणारा कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पाण्याचा पेला आणि बारीक दोरा एवढे पुरते. कॅलिपरचे जबडे धातूचे असतील तर मध्ये पातळ कागद धरावा, नाहीतर तपासणीतच काठाला चरा पडायचा.

आधी वजन. १९९४ साली नॉर्मंडीच्या स्वारीला पन्नास वर्षे झाली म्हणून ब्रिटनने पन्नास पेन्सचे नाणे काढले. किनाऱ्याकडे निघालेली जहाजे आणि वर आकाशभर विमाने असे त्याचे चित्र आहे. साधे नाणे १३.५ ग्रॅमचे, सोन्याचे २६.३२ ग्रॅमचे, व्यास दोन्हींचा ३० मिलिमीटर. इथे नुसत्या वजनावरून निकाल लागतो. किचनर यांच्या नाण्यातही लागतो: चलनातले १२ ग्रॅम, सोन्याचे १५.९८ च्या जवळ. या सोन्याच्या नाण्यात बाहेरचे कडे तांबूस सोन्याचे आणि आतला भाग पिवळ्या सोन्याचा असतो, दोन्ही बावीस कॅरेटच. रंगातला फरक फक्त हिणाच्या प्रमाणामुळे येतो. त्यामुळे दोन रंग दिसले म्हणून ते मुलाम्याचे समजू नये.

कबुतराच्या नाण्यात मात्र वजन काही सांगत नाही, हे आपण पाहिलेच. तिथे जाडी मोजावी किंवा पाण्याची कसोटी लावावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबते धरावे; ते पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये आणि त्याच्या अंगाला हवेचे बुडबुडे चिकटलेले नसावेत. काट्यावर आता जो आकडा येतो, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन आहे. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. कबुतराचे नाणे पितळी असेल तर काटा सुमारे १.९ दाखवील आणि सोन्याचे असेल तर सुमारे ०.९१. एवढा ढळढळीत फरक असल्यावर वाद उरत नाही. बावीस कॅरेटच्या आणि ९०० कसाच्या सोन्याची घनता साधारण १७.६ येते, शुद्ध सोन्याची १९.३. अमेरिकी पाच डॉलरचे नाणे ०.४७ किंवा ०.४८ दाखवील.

या कसोटीच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. अर्ध्या ग्रॅमचे नाणे जेमतेम ०.०३ ग्रॅम पाणी सारते, आणि काट्याची चूकच तेवढी असू शकते. तिथे ही कसोटी कुचकामी आहे. दुसरे म्हणजे टंगस्टन या धातूची घनता शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ आहे की आत टंगस्टन भरून वर सोने चढवलेले चोवीस कॅरेटचे नाणे पाण्यातून बिनबोभाट उत्तीर्ण होते. क्ष-किरणांनी धातू ओळखणारे यंत्रही वरचा पातळ थरच वाचते, त्यामुळे जाड मुलाम्यापुढे ते फसू शकते. विद्युतवाहकता मोजणारे यंत्र अधिक खोलवर पाहते आणि बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमधूनही काम करते. चोखंदळ विक्रेत्यांकडे ते असते आणि तपासून दाखवा म्हटले तर त्यांनी नाही म्हणायचे काही कारण नाही. तिसरे आणि महत्त्वाचे: टांकसाळीने कॅप्सूलमध्ये बंद करून दिलेले प्रूफ नाणे पाण्यात बुडवण्यासाठी उघडू नये. त्या आरशासारख्या पृष्ठभागावर पाण्याचा एक डागही दिसतो, आणि खात्री करून घेण्याच्या नादात किंमत घालवून बसण्याची वेळ येते.

भिंगाखाली सर्वांत आधी काठ पाहावा. खोटी नाणी करणारे दोन्ही बाजूंच्या चित्रांवर मेहनत घेतात आणि काठाशी येऊन थकतात. ब्रिटनच्या दोन पौंडी स्मृतिनाण्यांच्या काठावर मजकूर असतो. कबुतराच्या नाण्यावर १९४५ आणि १९९५ ही साले आहेत, किचनर यांच्या नाण्यावर युरोपातले दिवे मालवत चालल्याचे, तेव्हाचे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे वाक्य आहे. अक्षरे स्वच्छ, सारख्या खोलीची आणि सारख्या अंतरावर हवीत. मग चित्राकडे वळावे: अस्सल प्रूफमध्ये मोकळी जागा आरशासारखी आणि उठावाचा भाग दवासारखा पांढुरका दिसतो, आणि दोहोंची सीमा धारदार असते. ओतीव नकलेत ती सीमा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते आणि मोकळ्या जागेत बारीक खळगे दिसतात. तारखाही ताडून पाहाव्यात. युरोपातील विजयाचा दिवस पश्चिमेत ८ मे, रशियात ९ मे; जपानवरील विजयाचा दिवस ब्रिटनमध्ये १५ ऑगस्ट, अमेरिकेत २ सप्टेंबर. देश आणि तारीख यांची जोडी जमत नसेल, तर आणखी चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागद, पेटी आणि बंद डबी

सोबतचे प्रमाणपत्र हा नाण्याचा पुरावा नव्हे. कागद नाण्यापेक्षा सहज छापता येतो. तरीही मूळ पेटी आणि प्रमाणपत्र जपावे, कारण विकताना पूर्ण संचाला सुट्या नाण्यापेक्षा बरा भाव येतो. सरकारी टांकसाळीच्या नाण्याच्या कसाची हमी प्रमाणपत्राहून भक्कम यंत्रणेवर उभी असते. ब्रिटनमध्ये रॉयल मिंटच्या नाण्यांचे नमुने दर वर्षी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये पंचांपुढे तपासले जातात, आणि ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ नावाची ही प्रथा तेराव्या शतकापासून चालत आली आहे.

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणे तपासून, १ ते ७० या मापावर दर्जा देऊन बंद डबीत घालून देतात. महागड्या नाण्यासाठी ही सोय चांगली. मात्र आधुनिक स्मृतिनाणी टांकसाळीतूनच निर्दोष निघतात, त्यामुळे ७० आणि ६९ यांतला फरक साध्या डोळ्यांना सहसा दिसतच नाही आणि किमतीत मात्र मोठा असतो. मी ६९ घेऊन उरलेल्या पैशांत आणखी सोने घेईन. ‘पहिल्या दिवसांतील नाणे’ अशी लेबले म्हणजे डबीवरचा कागद आहे. डबीतल्या धातूत त्याने फरक पडत नाही.

केव्हा आणि कुठे घ्यावे

टांकसाळीकडून थेट घेतले तर अस्सलपणाचा प्रश्न मिटतो, पण प्रीमियम पूर्ण द्यावा लागतो. वर्षदिनाच्या आगेमागे वर्तमानपत्रे, समारंभ आणि जाहिराती यांमुळे मागणी फुगते. माझ्या पाहण्यात तरी, फार थोडे नग असलेली नाणी सोडली, तर बहुतेकांचा प्रीमियम समारंभ ओसरल्यावर उतरतो आणि काही वर्षांनी नाणे धातूच्या भावाच्या जवळपास मिळू लागते. तेव्हा १,९४५ नगांचे नाणे हवे असेल तर पहिल्याच दिवशी तयार असावे, आणि इतर बहुतेकांसाठी थांबावे.

करांचा विचार किंमत ठरण्याआधी करावा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये काही सोन्याची नाणी ‘गुंतवणुकीचे सोने’ म्हणून मूल्यवर्धित करातून सुटतात. त्यासाठी कस हजारात किमान ९०० लागतो, नाणे १८०० सालानंतरचे असावे लागते, मूळ देशात ते कायदेशीर चलन असावे किंवा पूर्वी असलेले असावे लागते, आणि त्याची नेहमीची विक्री किंमत आतील सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक चढी असता कामा नये. या शेवटच्या अटीत भपकेबाज स्मृतिनाणी अडकतात. इतर देशांचे नियम वेगळे असल्याने परदेशातून मागवण्यापूर्वी आयात शुल्काची चौकशी करावी. घरपोच पुडके आल्यावर ती करण्यात अर्थ नसतो.

जपणूक

सोने गंजत नाही, पण नाणे खराब होते. बोटांचे ठसे प्रूफवर कायमचे उमटतात, हिणातल्या तांब्यामुळे तांबूस ठिपके येऊ शकतात, आणि शुद्ध सोने इतके मऊ असते की रुमालाने पुसल्यानेही त्यावर केसांएवढ्या रेघा पडतात. नाणे नेहमी काठाला धरावे, खाली मऊ कापड पसरलेले असावे आणि त्यावर बोलू नये. थुंकीचे तुषार भिंगाखाली दिसतात. पीव्हीसी या प्लॅस्टिकची मऊ पाकिटे वापरू नयेत, कारण त्यांतून काही वर्षांनी चिकट, हिरवट थर सुटतो. टणक कॅप्सूल, कोरडी जागा आणि सोबत ओलावा शोषणारी पुडी एवढे पुरे. पॉलिश कधीही करू नये. चकचकीत केलेले नाणे संग्राहक घेत नाही, मग ते वितळवण्याच्याच भावाने जाते.

नाणे आले त्याच दिवशी एक नोंद करून ठेवावी: वजन, व्यास, जाडी, घेतल्याची तारीख, दिलेली रक्कम, त्या दिवसाचा सोन्याचा भाव आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे, काठासह. विमा, वाटणी किंवा चोरीची तक्रार यांपैकी कशासाठीही ही नोंद लागते. पुढे विकायला काढाल तेव्हा हीच नोंद समोर ठेवून दोन आकडे वेगवेगळे विचारावेत, धातूसाठी किती आणि नाणे म्हणून त्यावर किती. दुसऱ्या प्रश्नाला जो ‘काहीच नाही’ म्हणतो, त्याच्याकडे फक्त साधी, भरपूर नगांची नाणी द्यावीत. १,९४५ नगांचे ईगल किंवा कबुतराचे सडपातळ नाणे लिलावासाठी ठेवावे, आणि तिथेही लिलावगृह विकणाऱ्याकडून किती व घेणाऱ्याकडून किती टक्के कापते हे लेखी घेऊनच ते त्यांच्या स्वाधीन करावे.